मोठ्या आवाजाचा मान

आमच्या घरात मोठा आवाज करायचा मान एकट्या अण्णांच्या तबल्याला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळूरच्या चिकपेटेत खाली कापडाचं दुकान, वर आमचं घर, आणि दर गुरुवारी संध्याकाळी मराठी मंडळींच्या भजनात तबल्यावर अण्णा. गाणारे बदलत. तबल्यावर दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलंच नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अशा घरात मी, कॉलेजात जाणारी मुलगी, थ्रॅश मेटलची, म्हणजे सगळ्यात दणदणीत रॉकची, कॅसेट घेऊन आले. मैत्रिणीच्या भावानं डब करून दिलेली, जुना गाजलेला अल्बम. सुरुवातीला एकटी गिटार, अगदी शहाण्यासारखी; मग ड्रम्स असे तुटून पडत की खिडकीची तावदानं थरथरत. गाणारा गात नव्हता, भांडत होता. मला घरात कोणाशी भांडता येत नसे, म्हणून असेल, तो मला जवळचा वाटला. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर कळलं, त्या दंग्यात एकही ठोका वाया गेलेला नाही. इतके बेफाम सुटतात आणि सगळे नेमके एका क्षणी येऊन थांबतात, भजनात समेवर येतात तसे.

अण्णा दुकानातून ओरडत, "बंद कर गं ते, गिऱ्हाईक पळतंय." मी धुसफुसत आवाज कमी करी.

मग त्यांचं ओरडणं थांबलं. मी आवाजाचं बटण पुढे पुढे सरकवत गेले. एका दुपारी तर ते वर आले, स्पीकरला पाठ टेकून बसले आणि मांडीवर ठेका धरला. मी हवेतच. अण्णांना जिंकलं म्हणून मैत्रिणीपाशी केवढी मिरवले. आई मात्र हल्ली त्यांच्याशी समोर उभी राहून, मोठ्यानं बोलायची. मी तिच्यावरच चिडायचे.

एका गुरुवारी संध्याकाळ झाली तरी अण्णा भजनाला निघेनात. मी जवळ जाऊन विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"मागच्या गुरुवारी सम चुकली," ते म्हणाले. "पेटी ऐकूच येत नाही आता. माझाच तबला लांबून आल्यासारखा वाटतो. मंडळी चांगली, कोणी हसलं नाही. स्वल्प विश्रांती घ्या अण्णा, म्हणाले."

इतके दिवस मी ज्याला कौतुक समजत होते ते हे होतं.

"लाव की तुझं ते," ते म्हणाले. "ते मात्र पाठीत कळतं."

मी कॅसेट लावली. ते स्पीकरला टेकून बसले आणि त्यांचा हात मांडीवर चालू लागला, सगळे जिथे थांबत तिथेच थांबत. मला रडू येत होतं, आणि तो अल्बम पहिल्यांदाच नुसता गोंगाट वाटत होता.

"स्वल्प मोठं कर," अण्णा म्हणाले.

बटण केव्हाच शेवटाला टेकलेलं होतं.