बॉनेटवरचा हात

मामाला घरात सगळे नकारघंटा म्हणायचे, आणि तेही तोंडावर. तीस वर्षं गॅरेजात घालवलेला माणूस, पण कुणी जुनी गाडी दाखवायला नेलं की उत्तर ठरलेलं: "नको." भाचीसाठी दोन महिन्यांत अकरा गाड्या बघितल्या, अकराही नापास. त्यातल्या तीन-चार चांगल्या होत्या हो, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

भाची नर्स. घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करायची नोकरी तिला मिळाली होती. अट एकच, स्वतःची गाडी हवी. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि आज शनिवार उजाडला होता.

"मामा, आज नाही जमलं तर ती जागा दुसरीला जाईल," बसमध्ये ती म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी मामाने आपल्या बहिणीला, म्हणजे हिच्याच आईला, एका मित्राची गाडी घेऊन दिली होती. जिवलग मित्र, त्याच्यावर कसला संशय घ्यायचा? म्हणून एरवी तपासायचं ते काहीच तपासलं नाही. गाडी पुरात बुडून निघालेली होती; सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला असता तरी आत दडलेला चिखल दिसला असता. एक दिवस भर चौकात बंद पडली आणि मागून टेम्पो आदळला. बहीण वाचली, पण तेव्हापासून लंगडते, आणि कुठल्याही गाडीत पुढच्या सीटवर बसत नाही. तिने त्याला कधी बोल लावला नाही. तो मात्र स्वतःला रोज लावायचा.

आजची गाडी एका निवृत्त शिक्षिकाबाईंची होती. वेळ नऊची ठरलेली, पण मामा साडेसातलाच त्यांच्या अंगणात हजर. ही त्याची रीतच होती. आगाऊ न कळवता लवकर जायचं आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. रात्रभर गार पडलेलं इंजिन सुरू करताना आपलं दुखणं लपवू शकत नाही. लबाड विक्रेते म्हणून तर गाडी आधीच तापवून ठेवतात. हात एकदाच ठेवायचा, बरोब्बर मधोमध.

त्याने ठेवला. बॉनेट कोमट!

"तापवलीय. चल घरी."

"अहो, माझे अजून दात घासून व्हायचेत, गाडी कुणी तापवली?" बाई दारातून ओरडल्या. हातात ब्रश होता.

भाची हलली नाही. तिने बॉनेटच्या कडेला हात लावला. गार. पुढच्या जाळीला लावला. थंडगार. मग मधोमध बोटं फिरवून तिने ती मामापुढे धरली. बोटांना पिवळे केस चिकटले होते. तेवढ्यात त्या केसांची मालकीण गाडीखालून निघाली, अंग ताणून टुणकन वर चढली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

"मामा, मांजर आहे रे ते!" भाचीला हसू आवरेना.

मामा हसला नाही. त्याला चक्क भीती वाटत होती, कारण आता गाडी तपासण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग त्याने तासभर घेतला. चारही गालिचे उचलून खाली नाक लावलं. कुबट वास नाही. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. चिखलाचा डाग नाही. दारांचे बोल्ट, टायरची झीज, तेल मोजायची कांडी, कागदांवरचा चेसिस नंबर, सगळं पाहिलं. मांजराला उठवून इंजिन सुरू केलं. पहिल्याच चावीला लागलं, धूर नाही, खडखड नाही. चक्कर मारून आल्यावर त्याने पुन्हा पट्टा ओढला.

"किती वेळा तोच पट्टा?" बाई वैतागल्या.

"घे," मामा भाचीला म्हणाला. एवढा एकच शब्द. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला.

रविवारी भाचीने गाडी आईच्या दारात उभी केली. बहीण काठी टेकत आली. मामाने लगबगीने तिच्यासाठी मागचं दार उघडलं.

"तपासलीस ना, दादा?"

"तपासली."

"पट्टासुद्धा?"

"दोनदा."

"मग मागे तू बस," बहीण म्हणाली आणि पुढचं दार उघडून आत बसली.