नळीतलं फूल आणि माझा असाध्य आजार

ऐन पंचविशीत मी मरणाची तयारी केली होती. तेव्हा महाराजांचं राज्य होतं आणि मी दरबारच्या एका कचेरीत कारकून होतो. अन्न गोड लागत नव्हतं, छातीत धडधडायचं आणि कुणी हसताना दिसलं की मला त्याची कीव यायची. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी विचारवंतासारखा चेहरा करून बसायचो. तो चेहरा मी आरशात बघून पक्का केला होता. वैद्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि म्हणाले, "तुमास्नी काय बी झाल्यालं न्हाय. करमत न्हाय, एवढंच हाय." या वैद्याला काही कळत नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

गल्लीच्या तोंडाला एका मुसलमान शेजाऱ्यांचं आरसे मढवायचं दुकान होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. नातीसाठी त्यांनी पुठ्ठ्याची नळी केली होती. आत आरशाच्या तीन पट्ट्या आणि टोकाला रंगीत काचांचे तुकडे. "जरा बघा की," ते म्हणाले. पोरखेळ समजून मी नळी डोळ्याला लावली. आत हिरव्या-जांभळ्या पाकळ्यांचं फूल होतं. नळी फिरवली, ते मोडलं आणि दुसरंच झालं. मग तिसरं. नात धोतर ओढून रडायला लागली तेव्हा मी भानावर आलो.

लहान मुलीचं खेळणं मागणं शोभलं नसतं, म्हणून मी आरशाच्या तीन पट्ट्या कापून मागितल्या.

"कशाला पायजेत?" चाचांनी विचारलं.

"शास्त्रीय प्रयोग आहे."

त्यांनी मान डोलावली आणि पाठ वळवून काच कापायला घेतली. त्यांचे खांदे मात्र गदगदत होते.

बायको वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे एका डबीत ठेवायची. बांगडी 'फुटली' असं आमच्याकडे म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. ते तुकडे घेऊन मी दुपारभर खपलो, बोट कापून घेतलं आणि शेवटी नळी डोळ्याला लावली. आत काळोख. हलवल्यावर खुळखुळा वाजला, टोकाला तुकडे अंधुक दिसले, पण फूल काही दिसलं नाही. आता दृष्टीही चालली, असं मी मनाशी धरलं आणि खिन्न होऊन भिंतीला टेकलो. बायकोने नळी उचलली, आत डोकावली आणि म्हणाली, "अवो, आरशाची पाठ आत लावलीया तुमी."

तिनेच दोरा सोडून पट्ट्या उलटवल्या आणि नळी परत बांधली. मग बघत बसली. मी हात पुढे केला तर ती माझ्याकडे पाठ करून बसली. त्या रात्री नळी कुणी किती वेळ धरायची यावर आमचं भांडण झालं आणि भांडता भांडता मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढे मला आणखी एक छंद लागला. सुट्टीच्या दिवशी कौलाच्या फटीतून खोलीत कवडसा यायचा. त्यात नळी धरून पुढे भिंग लावलं की पांढऱ्या भिंतीवर रंगांचा थरथरता सडा पडायचा. शेजारपाजारची माणसं बघायला येऊ लागली. माणसं जमली म्हटल्यावर माझ्यातला विचारवंत गप्प बसेना. "हे मानवी मनाचं चित्र आहे," मी सुरू केलं. "तुकडे तेच असतात, पण मन जरा हललं की..."

समोरच्या तालमीतला एक पैलवान जमिनीवर उताणा पडून भिंत बघत होता. तो शांतपणे म्हणाला, "कारकून, वाईच गप बसा की. बोलताना तुमचा हात हलतोय, फूल मोडतंय."

मी दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली. एवढा मोठा गडी तोंड उघडं टाकून लाल रंगाचा हिरवा होताना बघत होता, आणि मीही तसाच बघत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की छातीत धडधडत नाहीये. इतकी वर्षं मी स्वतःला फार खोल माणूस समजत होतो. त्या दुपारी कळलं, मी रंगीत काच बघून खूश होणाऱ्यांपैकी आहे. जरा वाईट वाटलं. पण खोल असण्याचे कष्ट वाचले, हेही खरं.

त्या आनंदात मी एकटाच कासाराकडे गेलो आणि एकेक बांगडी उन्हात धरून आरपार बघत निवड करू लागलो. कासारणीने विचारलं, "माप काय वैनींचं?" मला ठाऊक नव्हतं. मी अंदाजाने हवेत एक गोल काढून दाखवला.

घरी आल्यावर बायकोने बांगड्या बघितल्या. "ह्या घालायला आणल्यात का वाढवायला?"

त्यातली एकही तिच्या हातात चढली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कासाराकडे निघाली. मी बरोबर गेलो, पण तिने मला दुकानाबाहेरच उभं केलं.