फुगडीला हात लागतात

धारगळच्या वरच्या वाड्यावर सुमंगलाचा हात धरून फुगडी घालणारी बाई कधी पडली नाही. हे काही कौतुकाचं बोलणं नव्हे, वाड्याचा अनुभव होता. फुगडी म्हणजे टाळ्या वाजवत गोल फिरणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गणेशचवथीला पेडण्यात येऊन बघावं. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, हातांची कैची करून एकमेकींचे पंजे धरतात, पायाला पाय जुळवतात आणि अंग मागे झोकून देतात. त्यानंतर तुमचा तोल तुमच्या पायांत नसतो, समोरच्या बाईच्या बोटांत असतो. तिनं सोडलं की तुम्ही भिंतीवर. वीस वर्षं सुमंगलाच्या बोटांत हा तोल सत्यवतीचा होता. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाड्यावर आल्या आणि पहिल्याच चवथीला त्यांनी एकमेकींचे हात धरले ते धरले.

सुमंगला तुयेच्या कारखान्यांच्या वसाहतीत गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायच्या कामाला होती. नवरा धाकू हायवेवर टायरचं पंक्चर काढायचा. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत आणि जीभ फटकळ. फुगडीचं गाणं तीच घालायची, बाकीच्यांनी मागून ओढायचं.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात तिच्या ओठाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग उठला. महिन्याभरात डोळ्याखाली दुसरा, मग हनुवटीवर, आणि बघता बघता दहाही बोटांची टोकं पांढरी पडली. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. पण वाड्यावर ‘कोड’ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारीना. सगळे ‘ता’ म्हणू लागले. ‘तिका ता जालांहा.’ ज्याचं नाव घ्यायची चोरी होते, त्या दुखण्याला अर्ध्याहून जास्त माणसंच वाढवतात, असं माझं तरी मत आहे.

त्या वर्षीच्या चवथीला आरती झाली, बायका ओसरीवर जमल्या, आणि सुमंगलानं सवयीनं दोन्ही हात पुढे केले. सत्यवती म्हणाली, “माझो खांदो दुखता गो. आज रवांदी.”

बरं, खांदा दुखत असेल. सुमंगला गाणं घालायला बाजूला बसली. दुसऱ्या दिवशी खालच्या वाड्यावर ती करंज्यांसारख्या नेवऱ्यांचं ताट घेऊन गेली, तर अंगणात सत्यवती दुसऱ्याच एका बाईचे हात धरून गरगर फिरत होती. खांदा अगदी ठणठणीत. सुमंगलानं ताट खाली ठेवलं आणि घरी आली. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी ही बाई, पण त्या दिवशी ती माजघराच्या जनेलाचे गज धरून रडली. डागांसाठी नाही रडली. हात रिकामे परत आले म्हणून रडली.

मग उपाय सुरू झाले. धाकूच्या बांद्याच्या मावशीनं बावचीचं तेल पाठवलं, लावून उन्हात बस म्हणाली. सुमंगला बसली. किती वेळ ते मावशीनं सांगितलं नव्हतं, म्हणून ही भर दुपारी तासभर बसली. संध्याकाळी तोंडावर टरारून फोड आले. धाकूनं मावशीला फोनवरून जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या कुणी सांगितलं, मासळी आणि दूध पोटात एकत्र आलं की हे होतं, तेव्हा मासळी बंद. पेडण्यातल्या बाईला मासळी बंद! घरात सुंगटांचं हुमण शिजायचं, धाकू आणि लेक ऋतिका जेवायची आणि ही डाळभात कालवायची. अकरा महिने तिनं हे केलं. डाग एका केसानंही मागे हटले नाहीत. वजन मात्र घटलं आणि लोक म्हणू लागले, बघा, आतून पोखरतंय.

शेवटी ऋतिकानंच तिला म्हापशाला चामडीच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिथल्या बाकावर दोन प्रकारच्या बायका बसलेल्या. निम्म्या सुमंगलासारख्या, पदर तोंडावर ओढलेल्या. निम्म्या पर्वरीकडच्या, गाडीनं आलेल्या, ओठांच्या कडेच्या सुरकुत्या सुईनं घालवून घ्यायला. शेजारच्या बाईनं हौसेनं सांगितलं, सुई टोचली की चार-सहा महिने कपाळाला आठी पडत नाही. सुमंगला म्हणाली, “तुमका वीस वर्षां आदलां तोंड व्हया. माका दोन वर्षां आदलां मेळलां तरी पुरे.” ती बाई हसली आणि तिनं आपला नंबर सुमंगलाला दिला.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला पक्की. तिनं अंधाऱ्या खोलीत निळसर दिव्याखाली सुमंगलाचं तोंड आणि हात पाहिले. मग म्हणाली, “हे लागट नाही. हात धरून, एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून कुणालाच होत नाही. तुमच्या शरीराचे राखणदारच चुकून तुमच्या रंगाच्या पेशींवर उठलेत. त्यांना आवरायला मलम देते, आणि रंग परत आणायला उजेड.”

“आनी मासळी?”

“मासळीनं काय केलंय? आजच खा.”

त्या रात्री सुमंगलानं चार बांगडे खाल्ले. धाकू ताटात वाढत राहिला.

उजेडाचं प्रकरण असं होतं की माणूस उभा राहील एवढं कपाट, आत चहूकडे नळीदिवे. डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा, आत जायचं, दार ओढायचं. पहिल्या दिवशी अर्धं मिनिटसुद्धा नाही, मग दर वेळी थोडं थोडं वाढवायचं. डॉक्टरणीनं समजावलं, बावचीचं तेल आणि ऊन यांतही हाच धागा आहे, फक्त तिथे मोजमाप नसल्यानं माणूस भाजतो. आता उजेडातला नेमका लागणारा तेवढाच पट्टा वेगळा काढता येतो आणि सेकंदानं मोजून देता येतो. सुमंगला आठवड्यातून दोनदा कामाची पाळी सुटल्यावर तुयेहून बस बदलत म्हापशाला जायची. पावसात गेली, उन्हात गेली, संप होता त्या दिवशी दुधाच्या टेम्पोत बसून गेली. मोठे दीर कृष्णनाथ एकदा ओसरीवर बसून म्हणाले, “ह्या वयार तोंडाची इतकी हौस कित्याक? घरात ऋतिकासारखी लग्नाची चली आसा, गुपचूप रवांक जाय.” सुमंगलानं आतूनच उत्तर दिलं, “चलयेचां लग्न माझ्या तोंडाकडे लावूचां नाय, भावोजी.”

पाचव्या महिन्यात ओठाच्या पांढऱ्या डागात मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसले. ते वाढले, एकमेकांना मिळाले. सव्वा वर्षात तोंड भरलं. पण बोटं होती तशीच राहिली, चुन्यात बुडवून काढल्यासारखी.

“उजेड तर हातांवर पण पडता,” सुमंगला म्हणाली.

“रंगाचं बियाणं केसांच्या मुळाशी असतं,” डॉक्टरीण म्हणाली. “तोंडावर बारीक लव आहे, तिथून ते उगवून आलं. बोटांच्या टोकांना लव नाही. पेरलेलंच नाही तिथे उगवणार कुठून? मांडीच्या कातडीतल्या पेशी काढून लावता येतात, पण बोटांच्या टोकांवर त्या धरतीलच असं मी सांगणार नाही. खोटी आशा द्यायला मी इथे बसलेली नाही.”

सुमंगला घरी येताना बसमध्ये सगळा रस्ता आपल्या बोटांकडे बघत बसली. धारगळ येईपर्यंत तिनं ठरवलं, की मांडी कापायची नाही. हे हात उद्या कामावर पाकिटं भरणार, परवा भाकऱ्या थापणार. त्यांना झालंय काय?

पुढच्या श्रावणात पेडण्याच्या सभागृहात गावोगावच्या संघांची फुगडीची स्पर्धा होती. सत्यवती स्वतः घरी आली, कदेल ओढून बसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं सुमंगलाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “तोंड बरां जालां गो तुझां. तू गाणां घाल, माझी जोडीण तूच. फकत हातांक थोडो रंग लावया. तिठ्यावरची पूजा पार्लरवाली लावून देता, कळूचांसुद्धा नाय.”

सुमंगलाला खरं तर तिथंच चार शब्द सुनवायचे होते. पण तीन चवथी तिनं भिंतीला टेकून काढल्या होत्या. त्या रिंगणात परत उभं राहायला ती काहीही करायला तयार होती. ती हो म्हणाली. आयुष्यातली एवढीच एक गोष्ट तिनं भिऊन केली, आणि तीच अंगाशी आली.

पूजानं काम फर्मास केलं. घट्ट मलई, तिच्यावर पावडर, बोटं अगदी कातडीच्या रंगाची. पण पूजानं आजवर नवऱ्या सजवल्या होत्या. नवरी बसून राहते, तिला घाम आला तर वारा घालायला चार जणी असतात. फुगडीत पंजे घामानं निथळतात. पहिल्या फेरीत गाणं चढलं, पाय वेगात पडू लागले, दोघींनी अंग मागे टाकलं, आणि सुमंगलाच्या बोटांखालची मलई लोण्यासारखी विरघळली. सत्यवतीचे हात निसटले. ती धाडकन फळ्यांवर आपटली, कोपर फुटलं. सभागृहात हाय हाय झालं. वीस वर्षांत सुमंगलाच्या हातून सुटलेली ही पहिली बाई.

गुण बाकीच्या जोड्यांनी सांभाळले आणि धारगळचा संघ कसाबसा दुसऱ्या फेरीत गेला. सुमंगला थेट मागच्या नळावर गेली. साबण आणि काथ्या घेऊन तिनं हात खसाखसा घासले. तपकिरी पाणी वाहून गेलं आणि बोटं होती तशी उघडी पडली. संघातल्या बाकी सगळ्या जणी बघत होत्या. पूजा डबी घेऊन धावली.

“बंद कर ती डबी,” सुमंगला म्हणाली. “माझे हात हेच. ह्या रंगान आज बाई पाडली, ह्या हातांनी कधी पाडूक नाय.”

सत्यवती कोपराला फडका बांधून उभी होती. ती हळूच म्हणाली, “माका भंय दिसता गो. घरात नातू आसा, म्हयन्याचो. घरा जावन तेका घेवचो आसता.”

हे मात्र खरं बोलणं होतं, खांद्याचा बहाणा नव्हता. सुमंगलाचा राग अर्धा उतरला. पण अर्धाच.

“तीन वर्षां आदी ह्या सांगलां आसतां तर मी तुका दाक्तरणीकडे घेवन गेलंय आसतंय. धाकू आनी ऋतिका माझ्या हातचां खातत, काय जालां तेंका? आता आणखी समजावचंय नाय. मी वयर जातंय. जिका हात धरूचे आसत तिणे येवचां.”

नाव पुकारलं. सुमंगला एकटीच रंगमंचावर चढली. मधोमध उभी राहून तिनं हातांची कैची केली, दहाही पांढरी बोटं समोर पसरली आणि खणखणीत आवाजात गाणं घातलं. मागून ओढायला कुणी नाही. एक कडवं झालं. परीक्षक घड्याळाकडे बघू लागले. दुसरं कडवं तिनं पहिल्यापेक्षा मोठ्यानं घातलं. अख्खं सभागृह ते हात बघत होतं, आणि तिनं ते बघू दिले. एक इंचही मागे घेतले नाहीत.

तिसऱ्या कडव्याला सत्यवती जिना चढून आली. सगळ्यांसमोर लाज वाटली म्हणून आली की जुनी सवय उठली म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं पंजे धरले. मागोमाग बाकीच्या आल्या, आणि धारगळची फुगडी अशी फिरली की फळ्या हलल्या. हात सुटले नाहीत.

संघ शेवटच्या फेरीत गेला. आणि खाली उतरल्याबरोबर सत्यवती तडक नळावर गेली आणि मनगटापर्यंत साबण चोळू लागली.

सुमंगलानं ते पाहिलं. तीन वर्षांपूर्वी असती तर घरी जाऊन जनेलाशी रडली असती. आता ती कमरेवर हात ठेवून नळाशी उभी राहिली.

“धू गो, धू. नातवासाठी दहा फावट धू. माझां काय जाता?”

सत्यवतीची मान खाली गेली. तेवढ्यात शेवटच्या फेरीसाठी धारगळचं नाव पुकारलं. ती गडबडीनं नळ बंद करून, पाणी गळत असलेले हात पुढे करून जिन्याशी आली. सुमंगलानं ते हात उलटसुलट करून पाहिले आणि परत तिच्याकडे सारले.

“अशे ओले हात माका चलूचे नाय,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “पुसून ये. मगे धरतंय.”

सत्यवतीनं पदराला हात पुसले, एकेक बोट करून. परीक्षक थांबले, सभागृह थांबलं, आणि सुमंगलाही तिचे हात पुरते कोरडे होईपर्यंत थांबली.