सुपरवायझरचे अकरा दिवस

कुठलीही वस्तू समोर आली की काका एक डोळा मिटायचे. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर असो, गणपतीच्या मखराची कमान असो, नाहीतर माझ्या केसांचा भांग. क्षणभर बघायचे आणि निकाल द्यायचे, "एक सूत वाकडं." तुम्ही पट्टी लावून बघितलं असतंत, तर बहुतेक वेळा तेवढंच निघालं असतं.

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षं लेथ मशीन चालवलं. त्या आवाजात कान गेले. मुलीने आणलेलं कानाचं यंत्र ते डब्यात ठेवायचे. "ते लावलं की सगळ्यांचंच ऐकू येतं," म्हणायचे.

काकी गेल्यावर घरात दोघंच उरले, काका आणि एक पिवळा बोका. तो वर्कशॉपमध्येच जन्मलेला. दिवसभर बसून दुसऱ्यांची कामं बघायचा, म्हणून त्याचं नाव सुपरवायझर. "रिटायर झालो तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं, ते बंद पडलं. हा अजून चालू आहे," असं काका सांगायचे आणि "घ्या साहेब" म्हणत त्याच्यापुढे बांगड्याचं डोकं ठेवायचे.

मी समोरच्या खोलीत राहते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून चाळीतले सगळे इंग्रजी कागद माझ्याकडे येतात. काका मला नावाने हाक मारत नसत. "काय कॉलेज, आज सुट्टी?" असं विचारायचे. मला ते फार आवडायचं.

पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला आणि मी घरी सांगितलं नाही. काकांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. म्हणाले, "लेथवर लावलेला जॉब, लोखंडाचा तुकडा, जास्त कटला तर कटला. शिव्या खायच्या. पण लपवायचा नाही. पुढचा माणूस तो मशीनमध्ये बसवायला जातो." त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं.

सुपरवायझर सोळा वर्षांचा झाला आणि त्याने खाणं सोडलं. नुसतं पाणी प्यायचा. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. त्याला झाकणाच्या टोपलीत घालून आम्ही माजिवड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होत्या, भराभर बोलायच्या. तोंडावर मास्क, त्यामुळे काकांना ओठ दिसेनात. रिपोर्ट बघून त्या मला म्हणाल्या, "दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. सलाईनने थोडे दिवस मिळतील, पण त्याला खूप त्रास होतोय. शांतपणे झोपवलेलं बरं, असं मला वाटतं. काकांना नीट समजवा. ठरवू दे त्यांना."

काका माझ्याकडे बघत होते. "काय म्हणते?"

हे ओरडून सांगायला हवं होतं. बाहेर बाकावर माणसं बसलेली. मी ओरडले, "रोज सलाईन द्यायचं! बरं वाटेल!"

"बघ, मी म्हटलंच होतं," काका म्हणाले आणि टोपलीवर थाप मारली. काकांनी सलाईन ठरवलंय, असं मी डॉक्टरांना सांगितलं; त्यांनी बाटल्या दिल्या आणि सुई कशी टोचायची ते दाखवलं.

रिक्षात खरं सांगू, असं मी ठरवलं. रिक्षात वाटलं, घरी गेल्यावर सांगू.

काकांनी भिंतीत खिळा ठोकला, एक डोळा मिटून तपासला आणि बाटली टांगली. मी सुपरवायझरला धरायचे, ते मानेजवळची कातडी उचलून सुई टोचायचे. "साहेब, दोन मिनिटं फक्त." पहिले काही दिवस तो फिसकारायचा. मग तेही थांबलं. सातव्या दिवशी तो खाटेखाली जाऊन बसला. काका पोटावर झोपून, आत हात घालून त्याच्याशी बोलत राहिले. रोज सकाळी ते ताजा बांगडा आणायचे आणि संध्याकाळी गल्लीतल्या मांजरांना घालायचे. "अजून चार दिवसांत खाईल बघ," मला म्हणायचे. मी मान हलवायचे.

अकराव्या दिवशी बाटल्या संपल्या. माझं प्रॅक्टिकल होतं, म्हणून काका एकटेच गेले. दुपारी मी परतले तेव्हा ते आमच्या दारात उभे होते. हातात कागद, पायाशी सुपरवायझरची टोपली. डॉक्टरांनी त्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, चार ओळी लिहून दिल्या होत्या. एवढं सोपं होतं ते.

"हे तुला तेव्हाच सांगितलं होतं?"

"हो."

"अकरा दिवस सुई टोचली मी त्याला."

मी कागदावरच्या ओळी वाचायला लागले.

"कान माझे गेलेत," ते म्हणाले. "तुझं काय गेलं होतं?"

त्यांनी टोपली उचलली. "मी येऊ?" मी विचारलं. त्यांची पाठ होती. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ते एकटेच गेले आणि एकटेच परत आले.

नंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही. दारात दिसले की विचारायचे, जेवलीस का, परीक्षा कधी. फक्त आता ते मला नावाने हाक मारायला लागले होते.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी त्यांना डोंबिवलीला घेऊन गेली. टेम्पोत सामान चढत होतं. मी वाकून नमस्कार केला आणि उठता उठता म्हणाले, "काका, माझं चुकलं." माझं मलाच जेमतेम ऐकू आलं.

काका पुढे झुकले, कानामागे तळहात धरला. "काय?"

टेम्पोवाला, त्यांची मुलगी, माझी आई, सगळे आमच्याकडे बघत होते.

"काही नाही!" मी ओरडले. "सांभाळून जा!"