सव्वाआठची सरळ बस

साळवे बाईंवर माझा वीस-बावीस वर्षं राग होता.

आज दुपारी घोटीला त्यांना शेवटचं बघून आले. तो राग किती चुकीचा होता, ते तिथे कळलं. म्हणून लिहायला बसलेय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी नाशिकला नर्सिंग करत होते. आमच्या खेड्यावरून पहिली जीप घोटीला यायची सातला. मग पॅसेंजरने नाशिकरोड, आणि तिथून शहर बसने पाथर्डी फाट्याकडे कॉलेज.

पॅसेंजर यायची आठ-पाचला. आमची बस सुटायची आठ-दहाला.

कागदावर पाच मिनिटं. झकास.

पण मध्ये तो जिना. चढायचा, पूल ओलांडायचा, उतरायचा, गर्दीतून बाहेर पडायचं. आम्ही सहा मुली जीव खाऊन पळायचो आणि रोज बसची पाठ बघायचो. पुढची बस पाऊण तासाने.

ज्याने ते टाइमटेबल केलं, तो बाबा आयुष्यात तो जिना चढला नसणार.

पहिलं लेक्चर रोज बुडायचं. शेवटी मॅडमनी सांगितलं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही.

घरी आबा म्हणाले, "हजेरी नाय भरत तर जाती कशाला? ऱ्हा घरी. यंदा उरकून टाकू."

काय उरकायचं ते मला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत समोर साळवे बाई. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर कामाला होत्या. घर घोटी स्टेशनच्या मागेच. रोज आमच्याच डब्यात असायच्या, पण त्यांना कधी पळावं लागायचं नाही. त्यांची बस वेगळी होती, सव्वाआठची, सरळ दवाखान्यावर जाणारी.

"का गं, डोळे का सुजलेत?"

मी सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. नाशिकरोडला उतरल्यावर माझा हात धरून थेट बस स्टँडच्या कंट्रोलर साहेबांकडे. बोरस्ते साहेब.

साहेब वहीत बघून म्हणाले, "पाच मिनिटं आहेत की, बाई. भरपूर झाली."

"मग उद्या तुम्ही आमच्याबरोबर पळा."

"मी?"

"तुम्हीच. गाडी आली की प्लॅटफॉर्मवर भेटा."

आणि माणूस खरंच आला हो!

बाईंनी त्यांच्या हातात दोन डबे असलेली पिशवी दिली. म्हणाल्या, "आम्ही मोकळ्या हाताने पळत नाही." बोरस्ते साहेब ती पिशवी घेऊन आमच्याबरोबर जिना चढले, उतरले. खाली पोचलो तेव्हा बस कोपऱ्यावर वळत होती. साहेब कठड्याला टेकून नुसते धापा टाकत होते.

"आठ-दहाची थांबवता येत नाही," दम लागलेलाच होता त्यांना. "तिच्यात कारखान्याची माणसं असतात, त्यांची पाळी चुकेल. जादा गाडी माझ्याकडे नाही. बघतो."

मग बाई आणि ते बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. आम्ही आपल्या पुढच्या बसची वाट बघत उभ्या.

दोन आठवड्यांनी कॉलेजवरून जाणारी बस सुरू झाली. सव्वाआठला सुटणारी. साहेबांनी कुठून तरी जादा गाडी मिळवली, असं आम्ही धरून चाललो. जिना सावकाश उतरा, वर एक चहा मारा, तरी मिळायची. आम्ही सहाही जणी पहिल्या दिवशी लग्नाला निघाल्यासारख्या नटून गेलो.

बाई डब्यात नव्हत्या.

त्या दिवशी नाही, नंतरही नाही. एकदा घोटीच्या बाजारात दिसल्या तेव्हा विचारलं. "पहाटेच्या गाडीने जाते गं आता. मला गर्दी सोसत नाही."

हे मला लागलं. तीच बस वळसा घेऊन पुढे दवाखान्यावरच तर जायची. आमच्याबरोबर बसायला काय झालं होतं? मुली म्हणाल्या, साहेबांशी ओळख झाली, बाईंचा भाव वाढला. मीही मान डोलावली.

पास झाले तेव्हा आबांनी सगळ्या गावात पेढे वाटले. बाईंसाठी वेगळा पुडा बांधला होता.

मी तो दिला नाही. घोटीतून तसाच परत आणला.

आज घोटीला बोरस्ते साहेबही आले होते. हातात काठी. मला म्हणाले, "तू त्या सहा पोरींतली ना? बाईंच्या बसने जाणारी?"

म्हटलं, "कॉलेजच्या बसने."

"कॉलेजची कुठली? सव्वाआठची सरळ बस होती ती, बाईंची. मी म्हटलं होतं, हीच एक वळवता येईल, पण वळशाने तुम्ही दवाखान्यात पोचाल सव्वानऊला, आणि खिडकी तर नऊला उघडते. तर म्हणाल्या, मी स्टेशनाजवळ राहते, पहाटेची गाडी धरेन. पोरींची जीपच सातला येते, त्या काय करतील?"

साहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि मुलींना सांगू नका म्हणाल्या. उगाच अवघडून बसतील."

रिटायर होईपर्यंत बाई चारला उठून डबा करून पहाटेच्या गाडीने गेल्या. नऊ वर्षं.

मी आज सिस्टर आहे. माझी हजेरी भरली, ती त्यांनी भरली. आणि मी त्यांना गर्विष्ठ म्हणत राहिले. लाज वाटते मला.

घरी येताना पेढे घेतले. पाव किलो. कोणाला द्यायचे ते कळत नाही, पुडा समोर तसाच आहे.

बाई, मी पास झाले.

जयभीम.