प्राचार्यांचं सर्वांत छोटं भाषण
मेंढरांच्या लोकरीचा वास आला की मला मुळशीतल्या आमच्या नव्या कॉलेजचं पहिलं वर्ष आठवतं. कॉलेज गावाच्या चराईच्या माळावर उभं राहिलं आणि प्राचार्यांनी मेंढरांना फाटकाबाहेर काढलं. पावसाळा संपताना मान्यतेसाठी तपासणी समिती येणार असं कळलं, तेव्हा मैदानात गुडघाभर गवत होतं आणि कापायचं यंत्र नेमकं बंद पडलेलं. सगळ्यांत नवा प्राध्यापक म्हणून मेंढरं मागायला मलाच धाडलं. त्यांची मालकीण, एक धनगर आजी, म्हणाली, "मेंढरं येत्याल, पर ज्यानं हाकललं त्यानं सोताच्या तोंडानं 'या' म्हनायचं." दुसऱ्या सकाळी टाय लावलेल्या प्राचार्यांनी फाटक उघडलं आणि ते मेंढरांना हळूच म्हणाले, "या." आजी म्हणाली, "मोठ्यानं म्हना सायेब, मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई." ते ओरडले, "या, या!" दोन दिवसांत मैदान साफ झालं, लेंड्या आम्ही प्राध्यापकांनी झाडल्या. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "एवढं छान मैदान कोण राखतं?" प्राचार्य फाटकाकडे बघत म्हणाले, "गाव राखतं." मान्यता मिळाली. पुढे मी त्यांची पुष्कळ भाषणं ऐकली, पण त्या एका अक्षराची सर कशालाच आली नाही.