समोरच्या काकांची कोंबडी

अमेरिका हा मुळात गाईगुरांचा देश आहे, माणसं आपली मधे लुडबुड करतात, असं मनापासून मानणारा गृहस्थ आमच्या अख्ख्या ईडन प्रेरी गावात एकच, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहतो. काका हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर झालेले. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत कुणीतरी चादरीवर एक छोटं कार्टून दाखवलं होतं: मालक गवतात घोरतोय, डुक्कर नांगर धरतंय आणि गाय स्वतःचं दूध स्वतः काढून वर बादली घरपोच करतेय. ते त्यांच्या डोक्यात असं बसलं, की इथे आल्यावर पहिल्याच रविवारी ते एका शेताच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने शेतकऱ्याने विचारलं, वाट चुकलात का? तर म्हणाले, "नाही, गाय कामाला कधी लागते ते बघतोय." अजूनही रस्त्याच्या कडेला गाय दिसली की काकांची गाडी हळू होते. "घाई करू नकोस रे, ती लाजते," असं ते शेजारी बसलेल्या मला गंभीरपणे सांगतात. आणि खरं सांगू, संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात मक्याच्या कडेची ती गाय आता दोन पायांवर चालू लागेल, असं मलाही वाटायला लागतं.

पुढे कुठल्याशा गराज सेलमध्ये, कुणाच्या तरी जुन्या सामानात, त्यांना प्रोजेक्टरसकट त्याच कार्टूनचं रीळ सापडलं. प्रोजेक्टरचा घसा मात्र कायमचा बसलेला. "बरंच झालं," काका म्हणाले, "इंग्रजी बोलणाऱ्या गाईवर कोण विश्वास ठेवणार?" तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्यांच्या गराजच्या दारावर इस्त्री केलेली चादर लागते. मराठी मंडळी आपापल्या खुर्च्या आणि डबे घेऊन ड्राइव्हवेवर जमतात आणि अंधार पडेपर्यंत डासांना रक्तदान करतात. इथला उन्हाळ्यातला सूर्य निघतो निघतो म्हणत दारातच उभा असतो. मग सगळ्या जनावरांचे आवाज काका काढतात. डुक्कर "काय करून राहिला बे!" म्हणत नागपुरीत नांगरतं. गाय पुण्याची, त्यामुळे दूध देतानाही उपकार करते. आणि मालकाला दटावणारी कोंबडी म्हणजे साक्षात काकू! "अहो, गोळी घेतलीत का? स्वेटर कुठाय?" पहिल्या रांगेतून काकू ओरडायच्या, "काहीतरीच! मी काय अशी बोलते? आणि आधी तो स्वेटर घाला बघू!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

या हिवाळ्यात काकू गेल्या. उन्हाळा आला तरी चादर काही निघेना. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "डुक्कर जमेल रे, गायही जमेल. कोंबडी नाही जमायची." मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. हा खेळ बंद पडला तर हा माणूस घराबाहेर यायचाच बंद होईल. शेवटी त्यांची मुलगी लांब क्युपर्टिनोहून सुट्टी घेऊन आली आणि तिने स्वतःच चादर बांधली.

खेळ सुरू झाला. डुक्कर नांगरलं, गाईने उपकार केले, काकांचा आवाज हळूहळू रंगात आला. मग कोंबडी आली. कमरेवर पंख ठेवून तिने चोच उघडली आणि काका थांबले. नुसती प्रोजेक्टरची घरघर. चादरीवर चोच उघडत होती, मिटत होती. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, शुड आय स्टॉप इट?"

"नको गं," काका चादरीवरची नजर न काढता म्हणाले, "तिचं बोलून होऊ दे."

आम्ही सगळे ऐकत राहिलो.